भाकरीतलं लोह, पोटातलं आम्ल

बाजरीच्या वाणाच्या नावात 'डीएचबीएच' ही अक्षरं दिसली की तो वाण धुळ्याचा समजायचा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं बाजरी संशोधनाचं काम धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात चालतं. तिथून 'आदिशक्ती' आला, आणि २०१८ मध्ये 'फुले महाशक्ती', म्हणजे डीएचबीएच १२११. नेहमीच्या वाणांमध्ये किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असतं; महाशक्तीत ८७. जस्त ३०-३५च्या जागी ४१. (मी जळगावचा. धुळ्याचं कौतुक करायला आमची जीभ सहसा वळत नाही, पण इथे वळवावीच लागते.)

हे काम कशासाठी चाललंय, ते कळायला एक आकडा पुरे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत तो आकडा ४८ होता. इतक्या योजना, इतक्या गोळ्या, आणि आकडा वर.

आता त्याच धुळ्यात संध्याकाळी कुठल्याही मेडिकलवर दहा मिनिटं उभं राहा. "अ‍ॅसिडिटीची द्या हो एक पट्टी," हे वाक्य तुम्हाला दोन-तीनदा तरी ऐकू येईल. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, कधी इनोची पुडी. आमच्याकडचं जेवणही तसंच: ठेचा, शेवभाजी, तर्री आलेलं काळं मटण. 'पित्त झालं' हे आमच्याकडे 'पाऊस आला'इतकं साधं वाक्य आहे.

बाजरीचं लोह वाढवणारे आणि पोटातलं आम्ल कमी करणारे, हे दोन वेगळे उद्योग. वेगळ्या प्रयोगशाळा, वेगळी माणसं, वेगळा इतिहास. गाठ पडते ती फक्त जेवणाऱ्याच्या पोटात. तिथे मात्र ते एकमेकांच्या विरुद्ध काम करतात, कारण धान्यातलं लोह रक्तात जायचं तर आधी पोटातलं आम्ल लागतं.

पांढऱ्या कपड्यावर गंजाचा डाग पडला की साबणाने जात नाही. लिंबू चोळलं की जातो. गंज म्हणजे फेरिक लोह, आणि ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आम्लात विरघळतं. धान्य-भाज्यांमधलं लोह बहुतांशी याच फेरिक रूपात असतं. नुसत्या पाण्यातलं रसायनशास्त्र तर फारच कडक आहे: पीएच एका अंकाने वाढला की विरघळू शकणारं फेरिक लोह साधारण हजारपटीने घटतं. पोटात परिस्थिती इतकी टोकाची नसते, कारण अन्नातले इतर पदार्थ लोहाला धरून ठेवतात. पण दिशा तीच.

रिकाम्या, निरोगी जठराचा पीएच एक ते दोनच्या आसपास असतो. तिथे लोह सुटं होतं, विरघळतं, आणि पुढे लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात शोषलं जातं. तिथे पेशींच्या दारावर फेरिकचं फेरस करणारं विकर असतं, आणि फेरसला आत नेणारं एक वाहक प्रथिन. हे वाहक लोहाच्या कणाबरोबर एक हायड्रोजन आयनही आत ओढतं, म्हणजे आम्लाची थोडी गरज त्या दारातही असते. जठरात लोह सुटंच झालं नाही तर ते बाजरीतल्या फायटेटला चिकटून पुढे जातं आणि सकाळी बाहेर पडतं. मटणातलं लोह याला अपवाद. ते हीमच्या वेष्टनात असतं, त्याला आम्लाची फारशी पर्वा नाही. त्यामुळे हा सगळा मामला मुख्यतः भाकरी, वरण आणि पालेभाजी खाणाऱ्यांचा आहे.

हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. पोटात आम्ल असतं हेच मुळी सिद्ध झालं १८२३ मध्ये, लंडनच्या विल्यम प्राउटने जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल दाखवलं तेव्हा. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली होती. तो जगला, पण पोटाला पडलेलं भोक बुजलंच नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँटने त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढून पाहिले, आणि १८३३ मध्ये पुस्तक लिहिलं. सेंट मार्टिनला हे सगळं अजिबात आवडत नव्हतं आणि तो मधूनमधून पळून जायचा. मला या गोष्टीत डॉक्टरपेक्षा तोच जास्त पटतो.

लोहाचं औषध त्याहून कितीतरी जुनं. सतराव्या शतकात थॉमस सिडनहॅम फिकट पडलेल्या मुलींना लोखंडाचा कीस वाइनमध्ये भिजवून द्यायचा. आपल्याकडे चरकाच्या पांडुरोगाच्या प्रकरणात मंडूर ताकातून घ्यायला सांगितलं आहे. वाइन आंबट, ताकही आंबट. यावरून 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असा फॉरवर्ड बनवायची गरज नाही. पीएच कुणालाच ठाऊक नव्हता. पण लोखंड आंबटात उतरतं हे भांडी घासणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

पोट आणि रक्त यांची गाठ पहिल्यांदा नीट मारली ती डेन्मार्कच्या क्नुद फाबरने. १९०९ मध्ये त्याने असे रुग्ण नोंदवले ज्यांच्या जठरात आम्लच तयार होत नव्हतं आणि ज्यांचं रक्त लोहाअभावी फिकं पडलं होतं. पुढे १९३१ मध्ये बोस्टनला मेटियर आणि मायनॉट यांनी सरळ प्रयोग केला. रुग्ण तेच, लोह तेच. एकदा ते आम्लधर्मी मिश्रणातून दिलं, एकदा आम्ल मारलेल्या मिश्रणातून. आम्लाबरोबर दिलं तेव्हा नव्या तांबड्या पेशी जास्त वाढल्या. शस्त्रक्रियेच्या वॉर्डांतही हेच दिसत होतं. अल्सरसाठी पोटाचा भाग कापून टाकलेली माणसं बरी होऊन घरी जायची आणि काही वर्षांनी लोहाच्या कमतरतेने परत यायची.

याच सुमाराला हा प्रश्न मुंबईत येऊन पोचला, आणि इथे त्याला वेगळंच वळण लागलं.

१९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका भयंकर रक्तक्षयाने मरत होत्या. त्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली 'पर्निशियस अ‍ॅनिमिया'सारखं दिसायचं. त्या आजारात खोट पोटात असते: जठर आम्लही बनवत नाही आणि बी-१२ शोषायला लागणारा घटकही. १९२९ मध्ये बोस्टनच्या विल्यम कॅसलने ते दाखवलं होतं. (कसं, ते जेवताना वाचू नका. तो स्वतः मांस खायचा, तासाभराने ते पोटातून परत काढायचा आणि रुग्णांना द्यायचा.) म्हणजे विल्ससमोर प्रश्न होता तो असा: या बायकांची खोट ताटात की पोटात?

तिने त्या गरीब बायकांचा आहार उंदरांना घालून पाहिला, बायकांना निरनिराळे पदार्थ देऊन पाहिले, आणि १९३१ मध्ये जाहीर केलं की यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बऱ्या होतात. खोट ताटात होती. त्या अर्कातल्या घटकाला पुढे फोलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं, आणि आज प्रत्येक गरोदर बाईला ती गोळी मिळते. इतकं मोठं काम मुंबईत झालं आणि शाळेत आम्हाला त्यातलं अक्षरही नव्हतं, याचं मला अजून नवल वाटतं.

विल्सचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. त्यानंतर आपल्याकडे रक्तक्षय म्हटलं की आधी ताट तपासायची सवय पडली, आणि ती चुकीची नव्हती. ताटं रिकामीच होती. पोटाचा विचार करायची चैन कुणाला परवडणार होती?

पोट पुन्हा चित्रात आलं ते हैदराबादला, पण काचेच्या भांड्याच्या रूपात. राष्ट्रीय पोषण संस्थेत बी. एस. नरसिंग राव आणि टी. प्रभावती यांनी १९७८ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. अन्नात लोह किती आहे हे मोजणं सोपं. त्यातलं अंगी किती लागेल हे माणसांवर मोजायचं तर किरणोत्सारी लोह, रक्ताचे नमुने, महिनोन्महिने. म्हणून त्यांनी पोटाची नक्कल केली. अन्न बारीक करायचं, त्यात पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच १.३५वर आणायचा, शरीराच्या तापमानाला ठेवायचं, मग आतड्यासारखा पीएच ७.५ करायचा, आणि विरघळलेलं, सुटं लोह किती उरलं ते मोजायचं. स्वस्त, सोपी, हुशार पद्धत. धान्यांची तुलना करायला उत्तम.

पण तो १.३५ पुन्हा बघा. माझ्या धंद्यात आम्ही अशा आकड्यांना फार घाबरतो. कुणीतरी कधीतरी चांगल्या कारणासाठी प्रोग्रॅममध्ये एक स्थिर आकडा लिहितो, तो बरोबरही असतो, मग त्यावर वर्षानुवर्षं पुढचे मजले चढत जातात आणि तो आकडा गृहीत होता हेच लोक विसरतात. १.३५ म्हणजे धडधाकट, तरुण, गोळी न घेतलेलं पोट. १९७८च्या भारतात हे गृहीत धरायला काहीच हरकत नव्हती. आम्ल बंद करणारी गोळी तेव्हा आपल्या गल्लीत पोचलीच नव्हती.

ती निघाली होती मात्र. जेम्स ब्लॅकच्या संशोधनातून आलेलं सिमेटिडिन १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलं. मग रॅनिटिडिन. मग १९८८ मध्ये स्वीडनमधून ओमेप्रॅझोल. पहिली औषधं आम्ल तयार करण्याचा निरोप अडवायची. ओमेप्रॅझोल आणि त्याची भावंडं आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करतात. नव्वदच्या दशकात ती भारतात आली, देशी कंपन्यांनी स्वस्तात बनवली आणि गावोगाव पोचली. यातला उपकाराचा भाग विसरता कामा नये. ज्या अल्सरसाठी पोट कापावं लागायचं, तो गोळीने बरा होऊ लागला. अल्सर फुटून वाहणाऱ्या रक्ताबरोबर जाणारं लोह कुठल्याही भाकरीने भरून निघत नाही. ज्यांना ही गोळी खरोखर लागते त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये, हे स्पष्ट लिहितो.

गंमत अशी की 'अ‍ॅसिडिटी'च्या बऱ्याच तक्रारींत आम्ल जास्त नसतंच; ते चुकीच्या जागी असतं. जठरात राहायचं ते अन्ननलिकेत वर येतं आणि जळजळतं. भाषेने मात्र निकाल आधीच लावून टाकला आहे. माधवनिदानात आम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणजे तक्रार हजार वर्षांहून जुनी. पण 'आम्ल कमी पडलं' अशी तक्रार घेऊन कुणी मेडिकलवर जात नाही. त्याला शब्दच नाही.

गोळीचा लोहावर परिणाम होतो का, हे लगेच तपासलं गेलं. १९८१ मध्ये अमेरिकेत स्किकने, लिंच आणि कुक यांनी जेवणाबरोबर सिमेटिडिन दिलं. डोस वाढवत नेला तसं अन्नातल्या बिगर-हीम लोहाचं शोषण घटत गेलं. ९०० मिलिग्रॅमला सुमारे ६५ टक्क्यांनी. त्याआधी जोहान्सबर्गमध्ये बेझवोडा आणि सहकाऱ्यांनी हीम लोह आणि बाकीचं लोह यांतला फरक दाखवलाच होता.

मला सगळ्यात पटलेला पुरावा उलट्या बाजूचा आहे. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात शरीर गरजेपेक्षा फार जास्त लोह शोषतं. उपाय म्हणजे दर काही आठवड्यांनी रक्त काढून टाकणं. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी लिहिलं की पंप बंद करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या अशा रुग्णांचं रक्त बरंच कमी काढावं लागतं. एका आजारात जो उपयोग, तोच दुसऱ्यात तोटा.

२०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं की दोन वर्षांहून जास्त काळ या गोळ्या घेणाऱ्यांत लोहाची कमतरता जास्त आढळते. नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण ती माणसं मांस खाणाऱ्या देशातली होती. ज्यांच्या ताटात हीम लोह जवळजवळ नसतंच, त्यांचं काय होईल याचा अंदाज बांधायला फार गणित लागत नाही.

लोहावरच हे थांबत नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यांत मॅग्नेशियम फार खाली जाऊ शकतं असा इशारा दिला. कॅल्शियमची गोष्ट जरा वेगळी: आम्ल नसलेल्या माणसाने कॅल्शियम कार्बोनेटची गोळी उपाशीपोटी घेतली तर ती जवळजवळ वाया जाते, जेवणाबरोबर घेतली तर लागते. रेकरने १९८५ मध्ये हे मोजलं. हाडांसाठी सगळ्यात स्वस्त गोळी हीच.

मग खरा पेच आमच्या घराघरात आहे. एखाद्या बाईचं हिमोग्लोबिन नऊ येतं. तिला लोहाची गोळी मिळते. ती गोळी पोटाला लागते, मळमळतं, जळजळतं. म्हणून त्याच चिठ्ठीवर खाली अ‍ॅसिडिटीची गोळी येते. गोळीतलं लोह फेरस असतं, त्याला धान्यातल्या लोहाइतकं आम्ल लागत नाही, पण लागतं. आणि वर अँटासिड प्यायलं तर ते लोहाला पकडूनही ठेवतं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेनऊ. मग तिला विचारतात, "गोळ्या नीट घेता ना?" ती घेत असते. अशी चिठ्ठी मी आमच्याच नात्यात दोनदा पाहिली आहे.

रक्तक्षयाचं खापर एकट्या आम्लावर फोडता येणार नाही. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. पाळी आहे, जंत आहेत, बी-१२ आहे, बाईने शेवटी जेवायचं ही रीत आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही आहे. तो लहानपणी पोटात शिरतो, पुढे काहींना अल्सर देतो आणि काहींच्या जठराचं अस्तर झिजवून आम्लच कमी करतो. बॅरी मार्शलने तो १९८४ मध्ये स्वतः पिऊन पाहिला आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरनसह नोबेल मिळवलं.

खानदेशी स्वयंपाकघराने आपल्या परीने यातलं बरंच आधीपासून सांभाळलंय. बिबड्यांसाठी ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालतात. भिजण्या-आंबण्यात फायटेट मोडतं आणि लोह सुटतं. भाजीवर पिळलेलं लिंबू आम्लही देतं आणि लोहाला विरघळतं ठेवणारं क जीवनसत्त्वही. जेवणाबरोबरचा चहा मात्र उलटा पडतो. चहातली टॅनिन्स लोहाला बांधतात, हे १९७५ मध्ये मोजलं गेलं, आणि ते मोजलं दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या बायकांवर.

आता पुन्हा बाजरीकडे. २०१२ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात वसतिगृहात राहणाऱ्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर एक चाचणी झाली. काहींना लोह वाढवलेल्या बाजरीची भाकरी, काहींना साध्या बाजरीची, सहा महिने. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यातली ती भरून निघण्याची शक्यता लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांत दीडपटीहून जास्त निघाली. नंतरच्या विश्लेषणात त्यांचं लक्ष आणि स्मरणशक्तीही सुधारलेली दिसली. म्हणजे वाण वाढवण्याची कल्पना काम करते. कागदावरच्या आकड्याचं रक्त होतं.

फक्त ती पोटं बारा ते सोळा वर्षांची होती. शिंदखेड्यातली पंचावन्न वर्षांची बाई, जी सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोल घेते आणि दुपारी महाशक्तीची भाकरी खाते, ती त्या चाचणीत नव्हती. तिच्या जेवणाच्या वेळी जठराचा पीएच चार असेल, तर किलोतल्या ८७ मिलिग्रॅमपैकी किती सुटं होईल? हे शोधायला मोठी चाचणीही लागत नाही. हैदराबादची १९७८ची पद्धत हाताशी आहे. १.३५च्या जागी ४ ठेवायचं, बाकी सगळं तसंच. पीठ धुळ्यात मिळेल.